गोल्ड स्टार विकायला आहे, घेऊ का?

बर्मिंगहॅमच्या बाजूला राहतो आणि जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींचा नाद आहे, हे ओळखीपाळखीत पसरल्यापासून मला सारखा एकच प्रश्न येतो. सोबत जाहिरातीचा फोटो असतो. क्रोमची चकाचक टाकी, त्यावर गोल बॅज, खाली 'बीएसए गोल्ड स्टार, 500 सीसी, मॅचिंग नंबर्स'. बीएसए ही इथलीच जुनी मोटरसायकल कंपनी. आणि पुढे 'घेऊ का?' विचारणारा कधी रेडिंगचा असतो, कधी थेट पुण्याचा.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: टाकीचा फोटो मला नको, इंजिनावरच्या आणि फ्रेमवरच्या नंबरांचे पाठवा. तोच या गाडीचा सातबारा.

आधी 'मॅचिंग नंबर्स'चं बघू, म्हणजे इंजिन आणि फ्रेमचे नंबर जुळतात, या दाव्याचं. त्या काळात बीएसए इंजिन आणि फ्रेम यांना वेगवेगळे नंबर द्यायची. दोन्हीकडे तोच आकडा असेल तर खूश होऊ नका, उलट सावध व्हा. 1956 ते 1963 मधली डीबीडी34, म्हणजे 500 सीसीची ती गोल्ड स्टार जिच्यासाठी लोक जीव टाकतात, तिच्या इंजिनाचा नंबर डीबीडी34जीएस असा सुरू होतो आणि फ्रेमचा सीबी32. यातलं 32 हे 350 सीसीच्या मॉडेलचं, म्हणून पुष्कळ जण दचकतात. पण 350 आणि 500 दोन्ही इंजिनांना फ्रेम तीच असायची, तेव्हा ते बरोबर आहे. आता हे इंजिन आणि ही फ्रेम कारखान्यातून एकत्र बाहेर पडली का, हे गाडीकडे बघून कळत नाही. त्यासाठी कारखान्याच्या डिस्पॅचच्या, म्हणजे गाड्या रवाना केल्याच्या, वह्या बघाव्या लागतात. त्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबने जपल्या आहेत आणि पैसे भरले की तिथून दाखला मिळतो. विक्रेत्याकडे तो नसेल तर का नाही, हे विचारायला लाजू नका.

एवढा संशय कशाला? कारण बीएसएच्याच बी31 आणि बी33 या साध्यासुध्या गाड्या ढिगाने निघाल्या आणि गोल्ड स्टार त्यांचीच सख्खी बहीण. टाकी, सायलेन्सर, हँडल सगळं आज नवं बनवून मिळतं, क्रँककेस म्हणजे नंबर ठोकलेलं इंजिनाचं कवचसुद्धा. हाताशी पैसे आणि थोडी कमी लाज असली की बी33 ची गोल्ड स्टार होते. फ्रेममध्ये मात्र एक गोम आहे. अस्सल गोल्ड स्टारच्या फ्रेमची उजवीकडची खालची नळी ऑइल पंपाला जागा द्यायला एका ठिकाणी वाकवलेली असते. बी33 ची सरळ असते. त्यासाठी गाडीखाली डोकं घालावं लागतं, आणि गिऱ्हाईक तेवढंच करत नाही.

नंबरावर बॅटरी समोरून मारू नका, बाजूने तिरकी मारा. कानशीने घासलेलं असेल तर बारीक रेघा लगेच उठून दिसतात. नंबराखालचा भाग आरशासारखा गुळगुळीत आणि शेजारचं ओतकाम खरखरीत असेल तर हात जोडून निघायचं.

ट्रायम्फ बॉनव्हिल या दुसऱ्या ब्रिटिश गाडीचं गणित वेगळं. 1959 पासून मेरिडनच्या कारखान्यात निघालेल्या या गाडीत, इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र झाल्यानंतरच्या मॉडेलांत तर नक्कीच, दोन्ही नंबर जुळायलाच हवेत. शिवाय 1969 पासून नंबराच्या जागी ट्रायम्फच्या छोट्या छोट्या नावांची नक्षी असायची. ती पुसलेली असेल तर नंबर मागाहून ठोकलेला आहे. व्हिन्सेंट ब्लॅक शॅडो या महागड्या गाडीबद्दल मी बोलत नाही. ती ज्याला परवडते तो मला विचारत नाही.

समजा गोल्ड स्टार अस्सल निघाली. मग चालवणार कुठे? शर्यतीचा अमल जीपी कार्ब्युरेटर असेल तर सिग्नलला गाडी धड आयडलिंगला राहत नाही. आरआरटी2 हा शर्यतीचा गिअरबॉक्स असेल तर पहिल्याच गिअरमध्ये ताशी 60 मैलांच्या आसपास जाते, म्हणजे गर्दीत क्लच सोडत-धरत बसा. आईल ऑफ मॅन बेटावरच्या क्लबमन, म्हणजे हौशी स्वारांच्या, शर्यती जिंकायला बनवलेली गाडी ती, तिच्याकडून मंडईत जाऊन यायची अपेक्षा करू नये. मला विचाराल तर, चालवायची असेल तर प्रामाणिक बी33 घ्या. दिसायला जरा मंद, पण किक नीट शिकलात तर चालू होते आणि पैसे उरतात. उरलेल्या पैशांतून व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे पाने घ्या, कारण घरातले मेट्रिक पाने बहुतेक ठिकाणी बसणारच नाहीत.

पुण्याहून विचारणाऱ्यांना माझं उत्तर निराळं आहे. इथून गाडी पाठवायच्या भानगडीत पडण्याआधी तिथेच शोधा. दुसऱ्या महायुद्धातल्या बीएसए एम20, नॉर्टन 16एच, मॅचलेस जी3एल लष्कराने नंतर विकून टाकल्या, त्यातल्या काही अजून कोणाच्या तरी पडवीत उभ्या आहेत. 2021 च्या नियमांनी 50 वर्षांवरच्या गाड्यांना व्हीए मालिकेची वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये पडतात आणि रोजच्या वापराला ती गाडी चालत नाही. आरसी बुकावरच्या मालकांची साखळी तुटलेली असली की मात्र आरटीओत चपला झिजतात, म्हणून इथेही गाडीआधी कागद बघा. आणि नुसतं टाकीवरचं नावच हवं असेल तर बीएसए आता महिंद्रांच्या क्लासिक लेजंड्सकडे आहे. त्यांची 652 सीसीची गोल्ड स्टार 2024 पासून भारतात शोरूममध्ये मिळते, बटणावर चालू होते.

इंग्लंडात असाल तर पैसे देण्याआधी एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्ये स्टॅफर्डच्या जुन्या मोटरसायकलींच्या प्रदर्शनाला या. क्लबांच्या स्टॉलवर बी33 आणि खरी डीबीडी34 दोन्ही बघायला मिळतात. मी बहुधा तिथेच असतो, फ्रेमची ती वाकवलेली नळी दाखवतो. गुडघ्यावर बसून बघावं लागेल, पांढरी पँट घालून येऊ नका.