सरांची मोरी

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहाल का, असं विचारणारं शाळेचं पत्र आलं आणि मला दुसरं काही आठवेचना. मैदान, स्नेहसंमेलनं, सहली यांवर बाकीचे लिहितीलच. मी चित्रकलेच्या सरांवर लिहिणार. त्यांचं नाव इथे सांगायची गरज नाही.

सदाशिव पेठेतल्या वाड्यात सरांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. रात्रीची जेवणं आटोपली की मोरीची फोटो बनवायची अंधारखोली व्हायची. दाराच्या फटींना काळं कापड, कट्ट्यावर फळी, फळीवर एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र, वर लाल दिवा आणि खाली ओळीने चित्र उमटवणारा डेव्हलपर, ते उमटणं थांबवणारं ॲसेटिक ॲसिडचं पाणी, चित्र पक्कं करणारा हायपो. फिल्मचा डेव्हलपर सर घरीच बनवत. डी-७६ नावाच्या त्या डेव्हलपरचं माप मला आजही तोंडपाठ आहे: लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. मेटॉल आधी, कारण सल्फाइटच्या दाट द्रावणात ते विरघळायला कुरकुर करतं. कारण कळल्याशिवाय सर बाटलीला हात लावू देत नसत. एप्रिलात नळाचं पाणी २० अंशांच्या बरंच वर जायचं. डेव्हलपर गरम झाला की फिल्म भराभर काळवंडते, म्हणून बर्फाच्या परातीत बाटली ठेवायची. तो बर्फ काकू शेजारून मागून आणत, तेही रात्री.

शिपाईमामा निवृत्त झाले त्या वर्षीची गोष्ट. सरांनी त्यांना घंटेखाली उभं करून मला फोटो काढायला लावला. भर दुपारचं ऊन. प्रिंट आली ती पांढरीफेक टोपी आणि खाली नुसती सावली. "अरे, यात मामा कुठायत?" सर म्हणाले आणि कागद फाडला. तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून माझ्या हाती दिली. कागदावर जितका उजेड जास्त तितका तो काळा, म्हणून एन्लार्जरचा उजेड पडत असताना ती चेहऱ्यावर धरायची, पण सतत हलवत, नाहीतर कडा उमटते. मग भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून टोपीला जादा उजेड. फोटो छापायचा ब्रोमाइड पेपर महाग, तोही सरांच्या पगारातला. तरी मामांच्या गालावरचे पांढरे खुंट आणि टोपीची घडी दिसेपर्यंत सर कागद काढतच राहिले. संमेलनाच्या प्रमुख पाहुण्यांना मात्र पहिली आलेली प्रिंट जायची.

पुढे मी छपाईच्या धंद्यात आलो. कोथरूडला स्वतःचा प्रेस आहे, कामगार आहेत, बरं चाललंय. ऑफसेटवर चेहरा काळा उतरला की आजही मशीन थांबवतो. घरच्या बाथरूममध्ये अंधारखोली आहे आणि मुलगी अंधारात टँकमध्ये, म्हणजे फिल्म धुवायच्या बंद डब्यात, फिल्म भरायला शिकली आहे. वाडा मात्र पडला. उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना बंद पडला, आपला 'इंदू' कागद गेला, आता बाहेरून येणारा घ्यावा लागतो. मुलांच्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत, कागदावर एकही नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मामांचा फोटो त्यांच्या मुलाच्या घरी अजून भिंतीवर आहे. पिवळा पडलेला नाही, कारण हायपो निघून जावा म्हणून सरांनी तो तासभर पाणी बदलत धुऊन घेतला होता.

सरांच्या निगेटिव्हची पेटी काकूंनी माझ्याकडे सोपवली आहे. वर्गाचे, नाटकांचे, सहलींचे रोल त्यात आहेत. ज्यांना आपला फोटो हवा त्यांनी तुकडी आणि वर्ष शाळेच्या कार्यालयात कळवावं. प्रिंट मी घरीच करून देईन, पैसे घेणार नाही.