रेवा आणि मी, दोघीच: ट्रेलर-सरावाच्या दहा आठवड्यांची नोंद

काल रात्री साडेआठला स्पर्धेहून पागेत परत पोहोचलो. सकाळी रेवाला तपासलं तेव्हा अंगाचं तापमान ३७.८ अंश सेल्सिअस, म्हणजे ताप नाही, चारही पाय थंड, कुठे सूज नाही, गवताची जाळी रिकामी. आठवण ताजी आहे तोवर सगळं लिहून काढते. घोडी एकटीने ट्रेलरमध्ये (गाडीमागे जोडलेल्या घोड्यांच्या डब्यात) चढवून स्पर्धेला कशी न्यायची, यावर कुणी काही लिहिलंय का ते दहा आठवड्यांपूर्वी मी शोधत होते.

रेवा नऊ वर्षांची कुमाईत, म्हणजे तांबूस-तपकिरी घोडी. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा, म्हणजे अगदी पंचकल्याणी. चार वर्षं माझ्याकडे आहे आणि त्यात आम्ही सहा स्पर्धा केल्या, पण एकदाही एकट्या गेलो नाही. ताई आणि तिचा घोडा सोबत असायचे. गाडी ताई चालवायची, ट्रेलरचा मागचा दांडा (घोड्याच्या पाठीमागचा आडवा अडसर) ताई लावायची, मी फक्त रेवाला धरून आत न्यायची. मग ताई दूर राहायला गेली आणि घोडाही घेऊन गेली. पुढच्या ड्रेसाज स्पर्धेचा (रिंगणात घोड्याकडून ठरलेल्या हालचाली करून घेण्याच्या स्पर्धेचा) अर्ज तीन आठवडे माझ्या टेबलावर पडून होता. भरायला घेतला की पोटात गोळा यायचा.

घोडेस्वारी शिकवणाऱ्या सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "प्रवासाची भीती वाटते, असं मोघम सांगू नकोस. दिवसातल्या कुठल्या मिनिटाची भीती वाटते, ते कागदावर लिहून आण."

हा सल्ला मला सगळ्यात उपयोगी पडला. पहाटे उठणं, गाडी चालवणं, रिंगणात जाणं, प्रत्येकापुढे खूण करत गेले. गाडीची थोडी धाकधूक होती, रिंगणाची जवळजवळ नव्हती. खरी भीती निघाली दोन मिनिटांची. घोडी आत शिरल्यापासून मागचा दांडा अडकवेपर्यंतची दोन मिनिटं.

ज्यांनी घोडा कायम दोघांनी मिळून चढवला आहे त्यांच्यासाठी थोडं खुलासेवार सांगते. घोडा चढवताना मागचा दांडा आधी लावायचा आणि डोकं नंतर बांधायचं. उतरवताना उलट, डोकं आधी सोडायचं, दांडा नंतर काढायचा. डोकं बांधलेलं आणि मागे दांडा नाही, अशी वेळ आली तर घोडा मागे सरकतो, मोरखी (डोक्याला घातलेली दोरी) मानेवर ताणली जाते, आणि तो ताण जाणवला की घाबरून जिवाच्या आकांताने मागे ओढतो. पाय घसरणं, मान दुखावणं, डोकं छताला आपटणं, सगळं तिथेच होतं. दोन माणसं असली की एक पुढे डोक्याशी, एक मागे. एकटीने चढवायचं म्हणजे मी मागे वळून दांडा अडकवेपर्यंत घोडीला कुणीही धरलेलं नाही आणि तरी तिने जागेवर उभं राहायचं. रेवाला हे कधी कुणी शिकवलंच नव्हतं.

पहिले दोन आठवडे ट्रेलरला हातही लावला नाही. जमिनीवर एक जाड फळी टाकली, दोन्ही बाजूंना बांबू आडवे ठेवले, आणि मी बाजूला उभी राहून तिला एकटीला पुढे पाठवायला शिकवलं. घोडीच्या मागच्या पुठ्ठ्यावर काठीचा हलका स्पर्श म्हणजे पुढे जा. तिने एक पाऊल जरी टाकलं तरी स्पर्श तत्काळ थांबवायचा. हे तत्काळ फार महत्त्वाचं आहे. एक क्षण उशीर झाला की घोड्याला वाटतं आपण चुकलो. मग "उभी" म्हटल्यावर थांबायचं, मी मागे जाऊन परत येईपर्यंत. सुरुवातीला तीन सेकंद. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी दीड मिनिट.

तिसऱ्या आठवड्यात रॅम्प, म्हणजे ट्रेलरमध्ये चढायची उतरती फळी. इथे मी मुद्दाम तिला पूर्ण आत जाऊ दिलं नाही. दोन पाय आत, मग एकेक पाऊल मागे. तीन पाय, पुन्हा मागे. मागे येणं सावकाश करता येतं हे घोड्याला कळलं नसेल तर तो मागून बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. शिवाय बाहेर पडण्याची वाट आपल्याला ठाऊक आहे, ही खात्री असली की आत शिरायलाही त्याला हुरूप येतो.

याच दिवसांत नाडी मोजायची सवय लावून घेतली. जबड्याच्या खालच्या कडेला, गालाचा मोठा स्नायू सुरू होतो त्याच्या जरा पुढे बोटं ठेवली की एक रक्तवाहिनी लागते, मऊ सुतळीसारखी, बोटाखाली घरंगळणारी. ती हाडावर हलकी दाबायची आणि थांबायचं. जोरात दाबलं तर काहीच लागत नाही. निवांत उभ्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. रेवाची पागेत ३६. पहिल्या दिवशी रॅम्पपाशी ६८! बाहेरून मात्र घोडी शांत दिसत होती, कानसुद्धा ढिले. मी नुसतं बघून ठरवलं असतं तर तिला तशीच आत रेटली असती. पंधरा सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं, एवढंच काम, पण त्या पंधरा सेकंदांत माझाही श्वास जागेवर यायचा. त्याआधी मी रॅम्पपाशी श्वास रोखून धरते हे मला माहीतच नव्हतं. आता नियम केलाय, नाडी ५० च्या खाली आल्याशिवाय पुढची पायरी नाही.

पाचव्या आठवड्यात सगळं बिघडलं, आणि चूक पूर्णपणे माझी. रेवा छान आत उभी होती. मी घाईघाईत दांडा उचलला, तो हातातून सटकला आणि लोखंडी चौकटीवर दणकन आपटला. ती एका झेपेत बाहेर. दोर माझ्या तळहातातून सर्रकन गेला आणि कातडं सोलवटून गेला. हातमोजे खिशात होते. त्यानंतर चार दिवस ती ट्रेलरच्या दहा पावलांच्या आत यायला तयार नव्हती. त्या चार दिवसांत अर्ज परत घ्यायचा विचार रोज मनात यायचा. शेवटी पुन्हा फळी आणि बांबूंवर आलो, म्हणजे थेट पहिल्या आठवड्यात. दांड्याला रबरी नळीचं आवरण घातलं. आणि रोज तिला चंदी देताना शेजारी तो दांडा मुद्दाम वाजवायचा, आधी लांबून हळू, मग जवळून. सात दिवसांनी तो आवाज आला तर ती चंदीच्या बादलीतून तोंडसुद्धा वर काढेना. मोजे आता दोराच्या टोकालाच बांधून ठेवते.

सातव्या आठवड्यात वेगळीच गोष्ट समोर आली. मागे दांडा, वर रॅम्प, सगळं बंद करून गाडी पागेभोवती फिरवली. दहा मिनिटांत रेवा घामाने निथळलेली, सारखी खिंकाळत होती, लीद पातळ. चढताना मात्र तिने काहीच कुरकुर केली नव्हती. मला कोडं सुटेना. मग लक्षात आलं, शेजारची जागा रिकामी होती. सहाही प्रवासांत तिच्या उजव्या खांद्याला ताईचा घोडा असायचा. मी एकटी कशी जाऊ म्हणून मी रडत बसले होते आणि तिचा सोबतीही त्याच दिवशी गेला होता, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

कळपात राहणाऱ्या जनावरासाठी सोबत म्हणजे काय, हे घोड्यांच्या प्रवासाच्या इतिहासातही दिसतं. १८३६ साली लॉर्ड जॉर्ज बेंटिंकने आपला एलिस नावाचा घोडा डॉनकास्टरच्या सेंट लेजर शर्यतीला चालवत न नेता घोड्यांनी ओढलेल्या बंद गाडीतून नेला. तेव्हा शर्यतीचे घोडे पायी जायचे, त्याला दोन-दोन आठवडे लागायचे. एलिस काही दिवसांत ताजातवाना पोहोचला आणि शर्यत जिंकला. त्या गाडीत त्याच्याबरोबर दुसरा घोडाही होता.

माझ्याकडे दुसरा घोडा नाही. पण २००९ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकटा घोडा, खऱ्या सोबत्याबरोबर घोडा, आणि समोर आरसा लावलेला घोडा, अशी ट्रेलरमध्ये तुलना केली होती. खरा सोबती सगळ्यात चांगला, पण नुसत्या आरशानेही मागे वळून बघणं आणि खिंकाळणं कमी झालं. मी न फुटणारा ॲक्रिलिकचा आरसा घेतला, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि शेजारच्या बाजूला तिच्या डोळ्याच्या उंचीवर पक्का बसवला. पहिल्या दिवशी ती त्याच्याकडे बघून फुरफुरली, मग नाक लावून आरसा ओला केला. तिसऱ्या फेरीला आरशाकडे तोंड करून गवत खात होती. प्रत्येक घोड्याला आरसा मानवेलच असं मी म्हणणार नाही. आधी उभ्या ट्रेलरमध्ये बघा.

गाडी चालवण्याचा सराव रिकाम्या ट्रेलरने केला. ट्रेलरच्या तळावर अर्धी भरलेली बादली ठेवायची आणि परत आल्यावर किती पाणी सांडलं ते बघायचं. पहिल्या दिवशी बादली आडवीच पडली होती. वळण येतंय, ब्रेक लागणार आहे, हे घोड्याला आधी कळत नाही, तो प्रत्येक वेळी पायांनी सावरत असतो आणि त्यात दमतो. ट्रेलर वळणातून पूर्ण सरळ झाल्याशिवाय वेग वाढवायचा नाही, ही एक सवय लागली आणि पाणी बादलीत राहायला लागलं. दोन घोड्यांच्या ट्रेलरमध्ये एकच घोडा न्यायचा तर तो चालकाच्या बाजूला, कारण रस्ता कडेकडे उतरता असतो. रेवा आजवर दुसऱ्या बाजूला उभी राहायची, त्यामुळे तेही नव्याने शिकवावं लागलं.

निघायच्या आदल्या रविवारी ट्रेलरमधल्या रबरी चटया उचलल्या. सगळ्यांना हात जोडून सांगते, हे कराच. वरून सगळं ठणठणीत दिसतं, पण मूत चटईखाली मुरतं आणि लाकूड आतून कुजतं. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फळी-फळी टोचत गेले. मागच्या कोपऱ्यातल्या एका फळीत टोक लोण्यात शिरावं तसं शिरलं. नेमके रेवाचे मागचे पाय तिथे असतात. फळी बदलली, आणि मग टायरची हवा, दिवे, हिच (गाडी-ट्रेलरची जोडणी), ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी तार) हे नेहमीचं.

आता कालचा दिवस. चढायला चार मिनिटं. दोर मानेवर टाकला, ती एकटी आत गेली, मी मागे, दांडा अडकवला, आणि ती उभीच. पुढच्या दारातून जाऊन डोकं बांधलं, ओढताच सुटणाऱ्या गाठीने, आणि तिला मान खाली घालता येईल इतकं सैल. डोकं सतत वर राहिलं तर श्वासनलिकेतली घाण खाली उतरत नाही आणि लांबच्या प्रवासात फुप्फुसाचा आजार जडू शकतो. आमचा प्रवास पावणेदोन तासांचाच होता, पण सवय आताच लावून घेतलेली बरी.

एका तासाने थांबून बघितलं. गवत खात होती, नाडी ४८. तिथे मी गाडीच्या पायरीवर बसून पाच मिनिटं रडले, मोकळं वाटून.

पोहोचल्यावर तिने अर्धी बादली पाणी प्यायलं. आधीच्या स्पर्धांना ती परकं पाणी तोंडाला लावायची नाही, म्हणून घरी दोन आठवडे पाण्यात सफरचंदाचा रस थोडासा मिसळत होते, तोच इथेही मिसळला. नंबर आणायला जाताना घोडी कुणाकडे सोपवायची, हा एकटीने जाणाऱ्यांचा मोठा प्रश्न. मी तिला हातात धरून बरोबरच नेलं. आधीच्या स्पर्धांत कार्यालयाच्या खिडकीशी ती पुढचे दोन पाय वर करायची. काल "उभी" म्हटलं आणि ती उभी राहिली. फळीवरचा धडा तिथेही कामाला आला.

रिंगणाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. २० बाय ४० मीटरचं रिंगण, चाल आणि दुडकीची चाचणी, ६२ टक्के. C पाशी (रिंगणाच्या कडेवरच्या खुणेच्या अक्षरापाशी) एकदा घसरट वळलो. बाकी तिची पाठ सैल होती, माझ्यासाठी तेवढं पुष्कळ.

परतीला मात्र अकरा मिनिटं लागली. संध्याकाळ झाली होती, आजूबाजूचे ट्रेलर एकेक निघत होते आणि रेवा रॅम्पवर दोन पाय ठेवून घट्ट उभी. नाडी ६०. दोघेजण मदतीला धावले, मागून हात लावू का म्हणाले. मी म्हटलं, "काका, फक्त थोडं लांब उभे राहाल का?" आणि ते खरंच राहिले, त्यांचे मनापासून आभार. मग मी तिच्या उंचीला वाकून आत बघितलं. आत काळोख होता. उजेडातून अंधारात आल्यावर घोड्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि आमचा सगळा सराव झाला होता सकाळच्या उन्हात. पुढचं दार उघडलं, आतला दिवा लावला, ती फुरफुरली आणि नाडी पुन्हा मोजायच्या आत स्वतःच वर चढली.

मंगळवारपासून रोज संध्याकाळी सातनंतर सराव. आधी दिवा लावून, मग दिवा मालवून. पुढचा अर्ज आज सकाळीच भरला.