आजींच्या ताटातली फुनाझुशी

जपानमधील बिवा सरोवराच्या पश्चिम काठावर ज्या वृद्धसेवा केंद्रात मी काम करते, तेथे प्रत्येक जेवणानंतर कोणी किती खाल्ले याची नोंद दहापैकी किती भाग अशा अंकांत होते. भाताचा अंक वेगळा, भाजी-माशांचा वेगळा. बाहेरच्या माणसाला हा हिशेब रूक्ष वाटेल, पण आमच्याकडे बिघडणाऱ्या प्रकृतीची पहिली चाहूल बहुधा याच दोन अंकांतून लागते. नव्वदी ओलांडलेल्या एका आजींच्या नावापुढे जानेवारीत हे दोन्ही अंक घसरत घसरत शून्यावर आले. ताप नव्हता, रक्ततपासणीत नवे काही निघाले नव्हते, कवळीही नीट बसत होती. पोषणतज्ज्ञांनी सुचवलेले गोड पेय समोर आले की त्या तोंड फिरवून घेत.

एका दुपारी मी त्यांचे हात पुसत असताना त्यांनी विचारले, "पिंप उघडले का?" मला काहीच उमगले नाही. रात्रपाळीची सहकारी याच गावची. तिने सांगितले की आजींचे यजमान सरोवरात मासेमारी करत आणि त्यांच्या घरी दरवर्षी फुनाझुशी, म्हणजे भातात आंबवलेले मासे, घातली जाई. नव्या वर्षाच्या सुमारास पिंप उघडण्याची रीत आहे. आजी जेवण नाकारत नव्हत्या, त्या विशिष्ट जेवणाची वाट पाहत होत्या, असे मला तेव्हा वाटले आणि अजूनही वाटते.

सुशी म्हटले की आपल्यासमोर व्हिनेगर घातलेला भात आणि वर ताजा मासा येतो. फुनाझुशी त्याहून फार जुनी आहे. मासा टिकवण्यासाठी भातात आंबवायचा, या पद्धतीचा हा आजही जिवंत असलेला नमुना आहे. 927 मध्ये पूर्ण झालेल्या 'एंगिशिकी' या ग्रंथात दरबाराकडे कर म्हणून जाणाऱ्या वस्तूंमध्ये ओमी प्रांताची, म्हणजे सरोवराभोवतीच्या आजच्या शिगा प्रांताची, फुना या कार्पसारख्या माशाची सुशी आहे. त्यासाठी सर्वोत्तम मानला जाणारा निगोरोबुना हा मासा याच सरोवरातला, आणि वसंतातली गाभोळीने भरलेली मादी सर्वांत मोलाची.

मी मालवणची, मासे साफ करण्यातच लहानाची मोठी झाले, त्यामुळे मी आजींना विचारले की गाभोळीला धक्का न लावता आतडी काढायची कशी. त्यांनी माझ्या हातातला टॉवेल घेतला, त्याची घट्ट गुंडाळी केली, एका टोकाला बोटाने कल्ल्याची जागा दाखवली आणि दुसऱ्या हाताची तर्जनी आकड्यासारखी वाकवून तेथून आत घातली. मग मनगट जरासे फिरवून आतले सगळे हलकेच बाहेर ओढल्याचे दाखवले. पोटाला सुरी लावायचीच नाही. चमचा धरताना थरथरणारा तो हात या सगळ्यात एकदाही थरथरला नाही.

असा साफ केलेला मासा काही महिने मिठात दाबून ठेवतात. जुलैच्या कडक उन्हाळ्यात तो काढून, धुऊन, वाळवून घेतात, त्याच्या तोंडातून आत भात भरतात आणि पिंपात भात व मासे यांचे थर लावून वर दगड ठेवतात. हवा आत जाऊ नये म्हणून झाकणावर पाणी असते. आपल्याकडे लोणच्याच्या बरणीला जसा परका किंवा ओला हात लागू देत नाहीत, तशीच या पिंपाची निगा असते. लॅक्टिक आम्लामुळे भाताचा आंबट लगदा होतो आणि माशाची हाडे इतकी मऊ होतात की डोक्यासकट खाता येतात. काही घरी पिंप दोन-तीन वर्षेही ठेवतात.

परवानगी मिळवण्याचे काम मात्र सोपे नव्हते. परिचारिकेने आधी औषधांची यादी पाहिली. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरीन घेणाऱ्यांना नात्तो, म्हणजे आंबवलेले सोयाबीन, वर्ज्य असतो, म्हणून आंबवलेला पदार्थ म्हटले की ती सावध होते, पण आजींना ते औषध नव्हते. मग मिठाचा प्रश्न आला, कारण उच्च रक्तदाबाच्या रुग्णासाठी दिवसाला सहा ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही येथली मर्यादा आहे. आमच्या स्वयंपाकघराला हा पदार्थ हाताळता येत नाही, तेव्हा तो कुटुंबाने आणावा आणि जबाबदारीच्या कागदावर सही करावी, असे ठरले. पर्यवेक्षकांची सर्वांत मोठी अडचण वासाची होती. मला याचा राग आला. 'ओमीच्या नारेझुशी', म्हणजे अशा भातात आंबवलेल्या माशांच्या सुशी, बनवण्याच्या कौशल्याची 2023 मध्ये राष्ट्रीय अमूर्त लोकसांस्कृतिक वारसा म्हणून नोंद झाली. ज्या बायकांच्या हातांनी ते कौशल्य जपले, त्यांच्याच जेवणघरात त्याचा वास अडचणीचा ठरावा, हे मला पटत नाही.

आजींचा मुलगा ओसाकाला असतो. घरचे पिंप आई केंद्रात आल्यावर बंद झाले. निगोरोबुनाही पूर्वीसारखा मिळत नाही: काठची देवनळाची बने घटली, शेतांची फेररचना झाल्यावर माशांची भातखाचरांत अंडी घालायला येण्याची वाट तुटली, आणि बाहेरून आलेले ब्लॅक बास व ब्लूगिल हे मासे त्याची पिल्ले खाऊ लागले. शिगा प्रशासन आता शेतांच्या पाण्याच्या पाटांत पायऱ्या बांधून माशांना पुन्हा खाचरांत येऊ देते. तो प्रयत्न मला मनापासून आवडतो. मुलाने विकतची कोठून घ्यावी असे विचारले, तेव्हा सहकारिणीने त्याला गावागावांची यादीच दिली. ज्यांना स्वतः चाखायची असेल त्यांनीही ती लक्षात ठेवावी: ताकाशिमातील कात्सुनो येथे 1619 पासूनचे किताशिना हे दुकान, त्याच शहराच्या उत्तरेला काइझुच्या काठावर 1784 पासूनचे उओजी आणि त्यांचेच कोरिआन हे भोजनगृह, तर योगो तलावाकाठी तोकुयामाझुशी. क्योतोहून कोसेई मार्गाची रेल्वे सरोवराच्या काठाकाठाने माकिनोपर्यंत येते, तेथून काइझु जवळ आहे. पहिल्यांदा खाणाऱ्याने पातळ चकती घ्यावी आणि आधी केशरी गाभोळी चाखावी.

खरी अडचण स्वरवाचा-तज्ज्ञांनी दाखवली. ही मंडळी गिळण्याचीही चाचणी घेतात. आजारी माणसाला फुनाझुशी भातावर ठेवून, वर गरम चहा ओतून द्यायची, ही या भागातली जुनी पद्धत. पोट बिघडले, सर्दी झाली की हेच देतात. पण पातळ चहा आणि सुटा भात एकाच घासात आले की चहा आधी घशात उतरतो, गिळण्याची क्रिया मागे राहते आणि घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. न्यूमोनियाची सुरुवात अनेकदा अशीच होते. म्हणून चहा नाही; मऊ पेज, त्यावर बारीक केलेली गाभोळी आणि पिंपातला भाताचा लगदा, एवढेच ठरले.

त्या दुपारी डबा उघडताच जेवणघरात जुन्या चीजसारखा आंबूस, तीव्र वास पसरला. कोपऱ्यात एरवी डोळे मिटून बसणारे एक आजोबा मान वर करून, "कोणाच्या घरची?" असे विचारू लागले. मी आजींना ताठ बसवले, हनुवटी किंचित खाली घेतली आणि अर्धा चमचा दिला. त्यांनी तो बराच वेळ जिभेवर घोळवला, गिळला, आणि म्हणाल्या, "कोवळी आहे. अजून एक उन्हाळा राहायला हवी होती." मग स्वतःच चमच्याकडे हात नेला. मधूनमधून त्या विचारत राहिल्या, "चहा कुठे आहे?" मी प्रत्येक वेळी घट्ट केलेला चहा वेगळ्या पेल्यात पुढे केला आणि त्यांनी तो बाजूला सारला. भाताचा अंक मी सात लिहिला.

त्यानंतरचे अंक शून्यावर गेले नाहीत; तीन-चारवर रेंगाळत राहिले. वास आल्याची तक्रार दुसऱ्या एका कुटुंबाने केली आणि पुढची परवानगी दर वेळी नव्याने घ्यावी, असे ठरले. तज्ज्ञांचा निर्णय शास्त्राला धरून होता, हे मला मान्य आहे. तरीही ज्या बाईने आयुष्यभर हा पदार्थ केला, घरातल्या आजाऱ्यांना तो चहासकट भरवला आणि जी धोका समजावून सांगितल्यावर मान डोलवत "ठाऊक आहे" म्हणाली, तिच्या चहाचा निर्णय आम्ही चार नोकरदारांनी घ्यावा का, याचे उत्तर मला सापडलेले नाही. पुढच्या काळजी-आढावा बैठकीसाठी मी लेखी विनंती दिली आहे: आठवड्यातून एकदा, खिडकीजवळच्या टेबलावर, परिचारिका शेजारी असताना दोन चमचे चहा-भात द्यावा. मुलाची सही आली आहे. डॉक्टरांची यायची आहे.