वाफसा आला का?

हंगामभर एक वही ठेवली होती. पेरणी कधी, उगवण कधी, पहिला तोडा कधी, सगळं टिपून ठेवायचं असा बेत. परवा शेवटचे वेल उपटून झाल्यावर ती चाळायला घेतली, तर निम्म्या पानांवर मातीच्या अंगठ्यांचे ठसे आणि पुन्हा पुन्हा तोच प्रश्न: वाफसा आला का? म्हणजे माती चिखलही नाही, कोरडीही नाही, अशी काम करण्याजोगी झाली का?

मळा लहानसाच, अकरा वाफ्यांचा. रासायनिक खत नाही, विषारी फवारणी नाही, एवढं ठरवून सुरू केलेला. फवारणी नाही म्हणजे तिच्याऐवजी दिवसभर दुसरं काहीतरी करत राहायचं, असा माझा समज होता. समज कसला, हाताला सुटलेली खाज होती ती.

पहिला मोठा पाऊस झाला आणि दुसऱ्याच सकाळी मी खुरपं घेऊन वाफ्यात उतरले. माती लोण्यासारखी, तण अलगद हातात येत होतं. शेजारच्या मळ्यातले काका बांधावरून म्हणाले, "अगं, वाफसा तरी येऊ दे." मी मान डोलावली आणि खुरपत राहिले. ऊन पडल्यावर जिथे जिथे माझे पाय पडले होते, तिथे विटा तयार झाल्या. चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा मोकळी असते. त्यातली साधारण अर्धी पाण्याची, अर्धी हवेची. ओल्यात तुडवलं की पहिल्यांदा हवेची जागा जाते. त्या वाफ्यातली गाजरं पुढे दोन-दोन पायांची निघाली. एक तर चक्क मांडी घालून बसलेलं होतं.

मग काकांनी परीक्षा दाखवली. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि अंगठ्याने टोचायचा. गोळा ठसा घेऊन तसाच राहिला, तर गुपचूप परत फिरायचं. भुसभुशीत फुटला, तर कामाला लागायचं. गोळाच झाला नाही, तर आधी पाणी. इतकी सोपी परीक्षा मी हंगामात किती वेळा नापास झाले, ते वहीत आहे. इथे सांगत नाही.

चवळीवर मावा ही बारीक कीड आली तेव्हाही तेच. सकाळी कोवळे शेंडे हिरवे होते, चार दिवसांनी पाहते तर काळे. माव्याच्या मादीला नराची वाट पाहावी लागत नाही. ती जिवंत पिल्लंच घालते, आणि जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढीला लागलेली असते. हे वाचून माझा धीरच सुटला. पंपात साबणाचं पाणी भरलं, पहिली ओळ धुऊन काढली आणि दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी नोझल तुंबलं. साफ करायला म्हणून खोललं, तर वायसर मातीत पडून हरवला. दुसरी ओळ राहिली ती राहिलीच.

पुढच्या आठवड्यात तिथे पानांच्या खालच्या बाजूला पिवळ्या अंड्यांचे पुंजके दिसले, उभी रचून ठेवल्यासारखे. मग काळ्या अंगाच्या, नारिंगी ठिपक्यांच्या, सुसरीच्या पिल्लासारख्या अळ्या. त्यातली एक मी कीड समजून चिरडलीसुद्धा. ती ढालकिड्याची अळी. लाल पाठीचा गोंडस भुंगा सगळ्यांना माहीत असतो, पण लहानपणी तो इतका भेसूर दिसतो आणि शेकड्याने मावा खातो, हे मला कोण सांगणार? साबणाच्या ओळीत चुकून राहिलेला मावा पुन्हा फोफावला, कारण तिथे आलेल्या अळ्याही मीच धुऊन टाकल्या होत्या. दुसरी ओळ पंधरा-वीस दिवसांत सावरली. शेंगा थोड्या कमी लागल्या, वाकड्याही होत्या. पण सगळं श्रेय त्या हरवलेल्या वायसराचं.

टोमॅटोची गोष्ट मात्र उलटी. फळांच्या बुडाला चामड्यासारखे काळे डाग पडू लागले. कॅल्शियम कमी पडतंय हे कळलं आणि मी अंड्यांची टरफलं कुटून बुंध्याशी घातली. टरफलं मातीत जिरायला वर्षं लागतात. तोवर टोमॅटो काय थांबणार होते? शिवाय मातीत कॅल्शियम नव्हतं असंही नाही. ते पाण्याबरोबर फळापर्यंत चढतं, आणि मी पाणी द्यायची तऱ्हेवाईक: आठवण झाली की बदाबद, नाहीतर चार दिवस कोरडं. पाल्याचं आच्छादन घातलं, एक दिवसाआड बेताचं पाणी धरलं आणि नवीन फळं स्वच्छ यायला लागली. म्हणजे गप्प बसणं हाही प्रत्येक दुखण्यावर उतारा नाही. वाट पाहायची ती वाफ्यात जाऊन, रोज, पानं उलटी करून.

खताच्या ढिगाबद्दल जास्त लिहीत नाही. सुरुवातीला नुसता ओला पाला घातला आणि असा वास सुटला की काकांनीसुद्धा बांध बदलला. वाळकी पानं घालून, चाळवून घेतल्यावर ढीग तापला. थर्मामीटर ६० अंशांवर गेला त्या दिवशीचं वहीतलं पान मोठ्या अक्षरात आहे.

भेंडीचं एक झाड मुद्दाम बियाण्याला राखलंय. भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं. शेंग चार-पाच दिवसांत तोडायला येते, आठवडाभर विसरली की लाकूड. आयुष्यभर विसरले त्याच गुन्ह्याला आता बियाणं म्हणायचं. शेंगा वाळून शिरांवर तडकल्यात, हलवल्या की आतून खुळखुळतात.

काल रात्री अवेळी पाऊस झाला. सकाळी मोकळ्या वाफ्याच्या कडेला वाकून मूठभर माती उचलली, दाबली, टोचली. गोळ्यावर अंगठा जसाच्या तसा उमटला. खुरपं खुंटीला परत लावून आले. जाता जाता पाहिलं, तर त्याच वाफ्यात लव्हाळा बोटभर वर आलेला. हंगामात सहा वेळा उपटला होता. खाली गाठी तशाच होत्या. त्याला काही वाफसा लागत नाही.