बॅनबरीचा ‘जुना’ क्रॉस

परवा शेजारच्या आजोबांनी एक प्रश्न विचारला आणि माझं डोकं जे तापलं ते अजून निवलेलं नाही. बातम्यांत कुठल्याशा पुतळ्याचं प्रकरण बघून ते कुंपणापलीकडून म्हणाले, “तुमच्याकडे माणसं दगडांवरून फार भांडतात, नाही?” आवाजात खोच नव्हती. पण सहा वर्षं परदेशात काढली की साध्या कुतूहलातही खोच ऐकू यायला लागते. मी हसून “हो, कधीकधी” म्हटलं, घरात आले आणि भांडी जरा आदळतच घासली.

आम्ही राहतो ते इंग्लंडमधलं बॅनबरी. पांढऱ्या घोड्यावरची बाई बघायला घोड्यावरून बॅनबरी क्रॉसला चला, असं सांगणाऱ्या इंग्रजी बालगीतातलं, तेच. तासगावला बालवाडीत बाईंनी ते आमच्याकडून घोटून घेतलं होतं, आणि बॅनबरी हा प्राणी आहे की पदार्थ, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे इथे आल्याच्या पहिल्याच दिवशी मी क्रॉस बघायला धावले. हॉर्स फेअरच्या चौकात, गाड्यांच्या गराड्यात 52 फुटी कोरीव दगडी मनोरा, टोकाला सोनेरी क्रूस. फोटो काढून आईला पाठवला: “बघ, केवढा जुना!”

तर तो जुना नाही. आजोबांना उत्तर द्यायचं म्हणून मी ग्रंथालयात जाऊन बसले, तेव्हा कळलं. हा क्रॉस 1859 चा, जॉन गिब्ज नावाच्या वास्तुकाराने आखलेला. बालगीत त्याच्या आधीचं. म्हणजे कितीतरी पिढ्यांची पोरं जागेवर नसलेल्या क्रॉसकडे घोडा दामटत होती!

मग गाण्यातला क्रॉस गेला कुठे? गावातल्याच लोकांनी पाडला. परक्या आक्रमकांनी नाही, पुरात नाही. हे गाव तेव्हा कट्टर प्युरिटन, म्हणजे धर्मात कसलीही सजावट, मूर्ती न खपणाऱ्या पंथाचं. इतकं कर्मठ, की रविवारी उंदीर मारला म्हणून सोमवारी मांजरीला फाशी देणारा बॅनबरीकर, असा विनोद त्या काळी चालायचा. क्रॉस म्हणजे मूर्तिपूजा, असं ठरलं आणि 1600 च्या जुलैत पहाटे गवंडी कामाला लागले. भोवती बघ्यांची गर्दी. वरचा कळस कोसळला तेव्हा कुणीतरी ओरडलं, “पडला त्यांचा देव!” गावातले बाकीचे क्रॉसही त्याच सुमाराला गेले. पुढची अडीचशेहून अधिक वर्षं गावाचं नाव गाण्यात, आणि चौक मोकळा. आणि आम्ही म्हणे दगडांवरून भांडतो!

नवा बांधला तो तरी पश्चात्तापाने? छे. लग्नाची आठवण म्हणून. व्हिक्टोरिया राणीची थोरली लेक, तीही व्हिक्टोरियाच, वय वर्षं 17, प्रशियाच्या, म्हणजे पुढच्या जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्याच्या, राजपुत्राला दिली. तारीख 25 जानेवारी 1858. ही तारीख वाचताना मी थबकले. त्याच आठवड्यात, आपल्याकडचा 1857 चा उठाव मोडायला निघालेल्या ह्यू रोज या इंग्रज सेनापतीची फौज झाशीच्या वाटेवर राहतगडाला वेढा घालून बसली होती. मार्चमध्ये ती झाशीपुढे उभी राहिली, आणि जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ राणी लक्ष्मीबाई पडली. इकडे आईने लेकीला निरोप दिला, गावाने वर्गणी काढली असेल, नसेल, पण मनोरा उभा राहिला. चौकात गाडी वळवताना आता मला हे दरवेळी आठवतं आणि वळण चुकतं.

गंमत पुढे आहे. त्या लेकीचा थोरला मुलगा म्हणजे जर्मनीचा कैसर, म्हणजे सम्राट, विल्हेल्म. क्रॉसवरच्या रिकाम्या कोनाड्यांत राणी व्हिक्टोरिया, तिचा मुलगा सातवा एडवर्ड आणि नातू पाचवा जॉर्ज यांचे पुतळे बसवले ते 1914 मध्ये, जॉर्जच्या राज्याभिषेकाची आठवण म्हणून. त्याच वर्षी जॉर्जचा सख्खा आतेभाऊ कैसर त्याच्याविरुद्ध युद्धात उतरला. म्हणजे ज्याच्या आईबापांच्या लग्नाचा हा मनोरा, त्याच्याशी लढायला याच्याच सावलीतून पोरं गेली असणार. तरी मनोऱ्याला कुणी हात लावला नाही. हे मात्र मला आवडलं, खोटं कशाला बोलू. आणि 1600 ची गोष्टही इथे कुणी लपवत नाही. स्वतःच्या पूर्वजांचा वेडेपणा खुशाल सांगतात.

शनिवारी आजोबा बॅनबरी केक घेऊन आले. लांबट, खुसखुशीत, आत मनुकांचं सारण. आमच्या तासगावच्या बेदाण्यांपुढे जरा आंबटच. चहाबरोबर मी त्यांना सगळं ऐकवलं: गवंडी, कळस, कैसर, राहतगड. क्रॉस पाडल्याचं त्यांना माहीत होतंच. राहतगड नव्हतं. खिशातून पेन काढून म्हणाले, “स्पेलिंग सांग.” पावतीच्या मागे लिहून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, तुझ्या गावात जुनं असं काय आहे? मी गणपती मंदिराचं सात मजली गोपुर सांगितलं, पटवर्धनांनी बांधलेलं, फोटोसुद्धा दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले.

माझ्या आजोळची दगडी वेस रस्तारुंदीत गेली. तेव्हा मी अकरावीत होते, आणि आता बस थेट घरापर्यंत येणार म्हणून आम्ही पोरींनी टाळ्या वाजवल्या होत्या. ते मात्र त्यांना सांगितलं नाही.