लांब फळ्या सरळ कापताना: गाइड रेलचा माझा अनुभव

पुस्तकांचे मोठे कपाट स्वतः करायचे ठरवले तेव्हा माझ्यापुढचा पहिला प्रश्न असा होता, की 18 मिमी जाडीच्या प्लायवुडच्या शीटमधून 300 मिमी रुंदीच्या लांब फळ्या सरळ कशा काढायच्या. शीट 2440 मिमी लांब आणि 1220 मिमी रुंद. एवढे धूड टेबल सॉवर (टेबलातून पाते वर आलेल्या करवतीवर) एकटीने ढकलत नेणे मला झेपणारे नव्हते आणि ते सुरक्षितही नव्हते. तोवर मी साध्या सर्क्युलर सॉच्या (हातात धरायच्या, गोल पात्याच्या करवतीच्या) बाजूला एक सरळ पट्टी क्लॅम्प करून काम भागवत असे. त्या पद्धतीत करवत पट्टीपासून क्षणभर जरी दूर सरकली तरी काप वाकडा जातो, शिवाय कापाच्या दोन्ही बाजूंना व्हिनियरच्या, म्हणजे प्लायवरच्या पातळ लाकडी थराच्या, ढलप्या उडतात. म्हणून मी ट्रॅक सॉ, म्हणजे रुळासारख्या रेलवरून सरकणारी करवत, आणि प्रत्येकी 1400 मिमी लांबीच्या दोन गाइड रेल घेतल्या. आता सरळपणाची काळजी मिटली असे मला वाटले होते, पण ती मिटायला बराच काळ लागला.

या साधनाची रचना समजायला सोपी आहे. अॅल्युमिनियमच्या रेलवर लांबीभर एक उंचवटा असतो आणि करवतीच्या तळाची खोबण त्यावर बसते, त्यामुळे करवत पुढे-मागे सरकते पण आडवी हलत नाही. रेलच्या एका कडेला रबरी पट्टी असते. ती सुरुवातीला मुद्दाम थोडी बाहेर आलेली असते आणि पहिल्या कापात आपलेच पाते तिला नेमके छाटते. त्यानंतर पट्टीची कड जिथे, तिथेच काप; पात्यापासून करवतीच्या तळाच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून वजाबाकी करायची गरज उरत नाही. हीच पट्टी दुसरेही काम करते. करवतीचे दाते पुढच्या बाजूने खालून वर येतात आणि वर येताना लाकडाचा वरचा पातळ थर उचकटतात. पट्टी तो थर नेमका त्या रेषेवर दाबून धरते, त्यामुळे रेलखालची कड स्वच्छ निघते. म्हणून जी फळी वापरायची ती रेलखाली ठेवायची आणि पात्याची जाडी टाकाऊ बाजूला जाऊ द्यायची. माझे पाते 2.2 मिमीचा काप घेते. ते चुकीच्या बाजूला गेले तर फळी तेवढीच अरुंद होते, आणि हे मी एकदा करून बसले आहे.

माझी पहिली चूक क्रमाची होती. उत्साहाच्या भरात मी रेल फळीवर ठेवली, करवत चढवली आणि लगेच रबरी पट्टी छाटून घेतली. नंतर माहितीपुस्तिका नीट वाचताना लक्षात आले, की करवतीच्या तळात दोन छोटे फिरते खुंट असतात आणि खोबण व उंचवटा यांमधला ढिलेपणा त्यांनी काढायचा असतो. मी ते फिरवून बसवले. करवत आता डगमगेनाशी झाली, पण पात्याची रेषा रेलच्या दिशेने नसून बाहेरच्या दिशेने जेमतेम अर्धा मिलिमीटर सरकली. छाटलेली पट्टी आणि प्रत्यक्ष काप यांत फट पडली, आणि त्या फटीतून व्हिनियरचे बारीक तूस पुन्हा उचकटू लागले. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण गडद रंगाच्या व्हिनियरवर तेवढ्या रुंदीची पांढुरकी, कुरतडल्यासारखी कड हातभर अंतरावरूनही डोळ्यांत भरते. शेवटी जुनी पट्टी सोलून काढली, चिकटवण्याची जागा स्पिरिटने पुसली, नवी पट्टी बसवली आणि मगच छाटली. दोन्ही रेलवरच्या पट्ट्या त्याच करवतीने, त्याच पात्याने आणि खुंट बसवून झाल्यावरच छाटायच्या, हा नियम मी त्या दिवसापासून पाळते. जास्त जाडीचे किंवा पातळ पाते लावले तरी ही रेषा बदलते, हेही लक्षात ठेवावे लागते.

पाते किती खोल उतरवायचे याचे गणित त्या मानाने सोपे आहे. रेलची जाडी सुमारे 5 मिमी असते. 18 मिमीचे प्लाय आणि खाली दोन-तीन मिलिमीटर असे मिळून मी पाते 25 ते 26 मिमीवर ठेवते. काही यंत्रांच्या मोजपट्टीत रेलची जाडी आधीच धरलेली असते, काहींत नसते, म्हणून एकदा टाकाऊ तुकड्यावर कापून खात्री करून घ्यावी.

शीटला आधार कसा द्यायचा, याकडे मात्र मी सुरुवातीला फारच कमी लक्ष दिले. दोन घोड्यांवर (सुतारकामाच्या लाकडी तिवयांवर) शीट टाकून मी पहिला काप घेतला. तीन चतुर्थांश अंतर नीट पार पडले. मग सुटत आलेला तुकडा स्वतःच्या वजनाने खाली झुकला, काप वरच्या बाजूने मिटू लागला आणि पाते चिमटले गेल्याचा बदललेला आवाज आला. मी लगेच बटण सोडले आणि पाते पूर्ण थांबेपर्यंत करवत तशीच घट्ट धरून ठेवली. चिमटलेले पाते यंत्राला मागे, म्हणजे आपल्याच अंगावर उसळवते, आणि रेल असली तरी त्या झटक्यापासून सुटका नसते. तुकडा शेवटी मोडून पडला तेव्हा कोपऱ्यातली बोटभर कपची त्याच्याबरोबर उचकटून गेली. त्यानंतर मी पद्धतच बदलली. जमिनीवर 50 मिमी जाडीची घट्ट फोमची लादी पसरते, तिच्यावर शीट आणि शीटवर रेल. पाते फोममध्ये दोन-तीन मिलिमीटर उतरते, दोन्ही तुकडे शेवटपर्यंत आपापल्या जागी पडून राहतात आणि मी गुडघ्यांवर बसून, करवतीच्या रेषेतून बाजूला राहून, काप घेऊ शकते. गुडघ्यांना त्रास होतो, पण तो मला मान्य आहे.

आता मुख्य काम. 2440 मिमीच्या कापासाठी दोन रेल जोडून 2800 मिमी लांबी होते. शीटच्या मागे 220 मिमी आणि पुढे 140 मिमी रेल बाहेर राहील अशी मी ती ठेवते, कारण पाते लाकडाला भिडण्याआधी करवत रेलवर नीट बसलेली हवी आणि मोटरने पूर्ण वेग घेतलेला हवा. शीटची मूळ कड वाहतुकीत ठेचलेली असते, म्हणून आधी तिथून 5 मिमी काढून टाकले. मग 300 मिमीच्या खुणा करून एकामागून एक चार फळ्या काढल्या. चार फळ्यांचे 1200 मिमी आणि मधल्या तीन कापांचे 6.6 मिमी, म्हणजे उरलेल्या 1215 मिमीमध्ये हे मावत होते. दुसऱ्या कापात एक विघ्न आले. भुसा ओढणारी नळी रेलच्या मागच्या टोकाला अडकली आणि करवत मध्येच थबकली. पाते मात्र फिरतच राहिले आणि दोन सेकंदांत तिथल्या कडेवर तपकिरी डाग उमटला. तेव्हापासून नळी आणि वायर एकत्र बांधून मी खांद्यावरून मागे सोडते आणि करवत बंद असताना रेलवरून एकदा शेवटपर्यंत नेऊन पाहते. या कोरड्या फेरीला अर्धे मिनिट लागते.

फळ्या निघाल्या तेव्हा मी खूश होते. प्रत्येक फळी तिच्या शेजारच्या फळीला, जिथे काप गेला होता तिथेच, लावून पाहिली आणि ती अशी बसली की सांधा शोधावा लागत होता. ज्यांच्या हाताखाली मी रंधा धरायला शिकले ते सुतारकाका त्या संध्याकाळी फळ्या पाहायला आले. मी कौतुकाने तो जुळलेला सांधा दाखवला. काकांनी तो पाहिला आणि म्हणाले, "अगं, हे दोन तुकडे सख्खे भाऊ आहेत, एकमेकांना जुळणारच. एकाच बाजूने कापलेल्या दोन फळ्या घे, त्यांच्या कापलेल्या कडा समोरासमोर लाव आणि खिडकीकडे धर."

मी तसे केले. दोन्ही टोके टेकली आणि मधोमध उजेडाची एक लांब, निमुळती रेघ दिसली. जाड कागदाच्या घड्या सरकवून मोजली तेव्हा ती फट सुमारे दीड मिलिमीटर भरली. म्हणजे प्रत्येक कड मध्यावर पाऊण मिलिमीटर आत गेली होती. काप वाकडा असला तरी त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या साच्यासारख्या असतात. एक बाजू आत गेली की दुसरी तेवढीच बाहेर येते, त्यामुळे त्या दोघींची परीक्षा एकमेकींवर घेऊन दोष कधीच सापडत नाही. दोन खोलगट कडा समोरासमोर आल्या की दोष दुप्पट होऊन दिसतो. सगळ्या कामात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच आहे, आणि ती मला कोणत्याही माहितीपुस्तिकेत मिळाली नव्हती.

दोष कुठे होता ते शोधायला दुसरा दिवस गेला. दोन्ही रेल स्वतंत्रपणे सरळ होत्या; दोष त्यांच्या जोडात होता. जोडताना मी दोन्ही टोके एकमेकांवर घट्ट दाबून बसवली होती आणि मगच दोन्ही रेलना धरून ठेवणाऱ्या जोडपट्टीचे स्क्रू आवळले होते. टोके फट न राहता भिडली म्हणजे रेल एका रेषेत आल्या असे मी गृहीत धरले होते. पण त्या कापलेल्या टोकांचा काटकोन किंचित चुकलेला असला, तर टोके दाबल्यावर रेल त्या चुकलेल्या कोनातच वळतात. मी हिशेब करून पाहिला. रेलची रुंदी साधारण 190 मिमी आहे. तेवढ्या रुंदीत टोक फक्त पाव मिलिमीटर तिरके असले, तरी 2440 मिमीच्या कापात मध्यावर पाऊण मिलिमीटरचा बाक येतो. माझ्या फळ्यांवर नेमका तेवढाच बाक होता.

यावर उपाय असा, की टोकांच्या भिडण्यावर विसंबायचेच नाही. आता मी जोडताना दोन रेलमध्ये कागद जाईल एवढी फट मुद्दाम ठेवते आणि एक लांब, खात्रीची सरळ पट्टी दोन्ही रेलच्या त्याच उंचवट्याला लावते, ज्यावर करवत धावते. रबरी कडेला लावून उपयोग नाही, कारण रबर दबते. पट्टी सांध्याच्या दोन्ही बाजूंना सारख्याच लांबीची यायला हवी. मग जोडपट्टीचे स्क्रू आळीपाळीने, पाव-पाव फेरा देत आवळायचे. एक स्क्रू एकदम पूर्ण आवळला तर तो रेलला हळूच ओढतो, आणि हे मी पट्टीखालून येणाऱ्या उजेडात प्रत्यक्ष पाहिले आहे. सरळ पट्टी म्हणून मी दोन मीटरची लेव्हल (पाणसळ) वापरते. तिचीही परीक्षा आधी घेतली: कागदावर तिच्या कडेने अणकुचीदार पेन्सिलने रेघ मारली, लेव्हल तशीच उलटी करून त्याच दोन टोकांमधून पुन्हा रेघ मारली, आणि दोन्ही रेघा एकावर एक पडल्या तेव्हाच तिच्यावर विश्वास ठेवला.

समांतरपणासाठीही एक छोटा बदल केला. टेपने दोन टोकांना दोनदा 300 मोजण्यात पेन्सिलच्या रेघेची जाडी आणि टेपच्या टोकाची हालचाल दोन्ही आड येतात. त्याऐवजी 300 मिमीचे दोन तुकडे एकत्र कापून घेतले. ते शीटच्या कडेला टेकवायचे आणि रेलची रबरी कड त्यांच्या दुसऱ्या टोकांशी बोटाने चाचपून सपाट आणायची. बोटाला सूतभरच काय, केसाएवढा फरकही कळतो. मग रेल दोन्ही टोकांना खालून क्लॅम्प करायची. रेलच्या तळाला घसरू न देणाऱ्या पट्ट्या असतात आणि सरळ कापाला त्या पुरतात असे म्हणतात. पण प्लायवर बारीक भुसा राहिला असेल तर त्यांची पकड जाते, म्हणून मी आधी शीट पुसते आणि तरीही क्लॅम्प लावते. पाते कलते करून काप घ्यायचा असेल तर क्लॅम्पशिवाय काम करूच नये, कारण तेव्हा करवत रेलला बाजूला ढकलते. शीटच्या अगदी कडेची अरुंद पट्टी काढताना रेल एका बाजूला झुकते, तिथे तिच्याखाली त्याच जाडीचा तुकडा सरकवते.

दुसरी शीट आणली आणि या सगळ्या तयारीला पाऊण तास दिला. प्रत्यक्ष काप एका मिनिटाहून कमी वेळात झाला. आवाज एकसारखा राहील एवढ्याच वेगाने करवत नेली. फार हळू नेली तर कड करपते आणि घाईने ढकलली तर ढलप्या निघतात. चार फळ्या काढल्या, त्यांतल्या दोन घेतल्या, एकाच बाजूच्या कडा समोरासमोर लावल्या आणि खिडकीकडे धरल्या. मध्ये उजेड नव्हता. एका टोकाला शेवटच्या हातभर अंतरात कागदाची एक घडी जाईल न जाईल एवढी फट होती, कारण तिथे पोहोचताना माझा हात रेलवरून उचलला गेला होता. तेवढा भाग रंध्याच्या दोन हातांत बसला, काकांनी पुन्हा एकदा फळ्या खिडकीकडे धरून पाहिल्या आणि गोंदाचा डबा माझ्याकडे सरकवला.