सबव्हर्जनवरून गिटवर जाताना जुने रिव्हिजन नंबर जपा

सबव्हर्जन (एसव्हीएन) आणि गिट ही दोन्ही कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी साधनं. सबव्हर्जनमधला जुना मुक्तस्रोत प्रकल्प गिटवर न्यायचा म्हटलं की बहुतेक जण लांबच्या सर्व्हरवरून थेट 'गिट एसव्हीएन क्लोन' सुरू करतात. हे साधन एकेक रिव्हिजन, म्हणजे नंबर दिलेला प्रत्येक बदल, नेटवरून मागवतं. पाच-सहा हजार रिव्हिजन असतील तर रात्र जाते, आणि परभणी-हिंगोलीकडं मध्येच लाईट गेली की काम तिथंच राहतं. शिवाय पहिला प्रयत्न कधीच शेवटचा नसतो. क्लोन चार-पाच वेळा तरी करावा लागतो.

म्हणून आधी पूर्ण रेपो (इतिहासासकट सगळा कोड) 'एसव्हीएनसिंक' या प्रत बनवणाऱ्या साधनानं आपल्या मशीनवर उतरवा. रिकामी रेपो तयार करा, तिच्या हुक्स (ठराविक वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) फोल्डरमध्ये प्री-रेव्हप्रॉप-चेंज नावाची, फक्त 'एक्झिट ०' करणारी स्क्रिप्ट ठेवा आणि तिला एक्झिक्युट परवानगी द्या. ती नसेल तर इनिट, म्हणजे सिंकची सुरुवातीची जोडणीच होत नाही. मग सिंक चालवा. लाईट गेल्यावर सिंक अडलं तिथून पुढं चालतं, पण शून्य नंबरच्या रिव्हिजनवर 'एसव्हीएन:सिंक-लॉक' ही प्रॉपर्टी तशीच राहून जाते आणि पुढचं सिंक लॉक मिळत नाही म्हणून थांबतं. ती प्रॉपर्टी हातानं काढली की झालं.

आता क्लोनला द्यायची लेखकांची यादी. लॉगमधलं प्रत्येक लॉगिन, त्यापुढं बरोबरचं चिन्ह (=), मग नाव आणि ईमेल. एक जरी लॉगिन सुटलं तरी क्लोन तिथंच थांबतो. लेखकच नसलेल्या रिव्हिजनसाठी कंसातल्या 'नो ऑथर'चीही ओळ हवी.

क्लोन करताना 'नो-मेटाडेटा' हा पर्याय देऊ नका. इंटरनेटवरच्या बऱ्याच सूचनांत तो असतो. त्यानं कमिटचे, म्हणजे नोंदलेल्या बदलांचे, संदेश स्वच्छ दिसतात, पण जुना रिव्हिजन नंबर कायमचा जातो. बगच्या नोंदीत "आर १२३४ मध्ये दुरुस्त" असं लिहिलेलं असतं, ते मग कुठं शोधणार? जीसीसी या कंपायलरच्या प्रकल्पानं जानेवारी २०२० मध्ये गिट घेतलं, तेव्हा जुन्या कमिटच्या संदेशात 'फ्रॉम-एसव्हीएन' म्हणून मूळ नंबर ठेवला. तेच योग्य आहे. आपण आरशातून, म्हणजे सिंकनं उतरवलेल्या प्रतीतून, क्लोन करतोय, तेव्हा 'यूज-एसव्हीएनसिंक-प्रॉप्स' द्या, म्हणजे संदेशात आपल्या मशीनचा नाही, मूळ सर्व्हरचा पत्ता येतो. 'लोकलटाइम'ही द्या, नाहीतर वेळ यूटीसीत नोंदली जाते आणि पहाटे चारची कमिट आदल्या दिवशीची दिसते.

सगळ्यात जास्त घोळ टॅगमध्ये. टॅग म्हणजे एखाद्या आवृत्तीला दिलेलं नाव. सबव्हर्जनमध्ये टॅग म्हणजे कॉपी, आणि ती कॉपी हीच एक कमिट. त्यामुळं गिटमध्ये टॅग रिमोट ब्रँच म्हणून येतात आणि ट्रंकच्या (मुख्य शाखेच्या) रांगेबाहेर लटकतात. जवळचा टॅग सांगणाऱ्या 'गिट डिस्क्राइब'ला ते सापडतच नाहीत. प्रत्येक टॅगच्या कमिटचा ट्री (त्या वेळच्या सगळ्या फाइल) तिच्या आधीच्या कमिटशी ताडून पाहा. तंतोतंत सारखा असेल तर खरा टॅग आधीच्या कमिटवर लावा. वेगळा असेल तर टॅग केल्यावर कुणीतरी त्यात बदल केलेला आहे, तो तसाच ठेवा. नावात ॲट चिन्ह असलेल्या ब्रँच तपासूनच काढा.

एसव्हीएन:एक्स्टर्नल्स (दुसऱ्या रेपोतून जोडलेले भाग) हातानं गिटच्या सबमॉड्यूलमध्ये बदलावे लागतात. रिकामे फोल्डर गिट ठेवत नाही. देवनागरी नावाच्या फाइल बॅकस्लॅश आणि आकड्यांच्या रांगेत दिसल्या तर घाबरू नका, नावं शाबूत आहेत, 'कोअर.कोटपाथ' फॉल्स करा. १०० एमबीवरची फाइल इतिहासात कुठंही असेल तर गिटहब पुश नाकारतं. ती 'फिल्टर-रेपो' या इतिहास बदलणाऱ्या साधनानं काढा, पण शेवटचं फेच (नवे बदल ओढून घेणं) झाल्यावर आणि रेपो लोकांना देण्याआधी, कारण त्यानं पुढच्या सगळ्या कमिटचे हॅश (ओळखक्रमांक) बदलतात.

मग ट्रंक आणि प्रत्येक टॅग सबव्हर्जनमधून एक्स्पोर्ट करून गिटच्या प्रतीशी 'डिफ -आर'नं ताडा. किवर्ड (सबव्हर्जन फाइलमध्ये आपोआप भरतं ती माहिती), ओळीचा शेवट, रिकामे फोल्डर आणि एक्स्टर्नल्स यांचे फरक निघतील, त्याखेरीज एकही निघता कामा नये.

प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी आधी जुन्या सर्व्हरवर प्री-कमिट हुक लावा: 'एक्झिट १', आणि एररमध्ये नव्या रेपोचा पत्ता. त्यानंतरच शेवटचं सिंक, फेच आणि पुश. हुक लावायला उशीर झाला तर मधल्या तासाभरात नांदेडहून कुणीतरी कमिट करतो आणि त्याचं काम जुन्याच रेपोत राहतं.